दृष्टिहीन वाचकाला बातमीपर्यंत पोहोचू द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अनेक सरकारी आणि खासगी संकेतस्थळांच्या कोपऱ्यात हल्ली चाकाच्या खुर्चीचे किंवा हात पसरलेल्या माणसाचे चिन्ह दिसते. त्यावर क्लिक केले की अक्षरे मोठी करा, रंग उलटे करा, मजकूर वाचून दाखवा असे पर्याय उघडतात. हे चिन्ह बसवले की दृष्टिहीनांची सोय झाली, असा समज तंत्रविभागात आणि वरिष्ठांतही पक्का आहे. तो चुकीचा आहे आणि त्यापायी खरी कामे मागे पडतात, म्हणून हे पत्र.

दृष्टिहीन वाचक तुमच्या पानावर येतो तेव्हा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्याच्या संगणकावर किंवा फोनवर आधीपासूनच चालू असतो. तो नसता तर ब्राउझर उघडून पत्ता टाइप करणेही त्याला जमले नसते. त्यामुळे संकेतस्थळाने वर आणखी एक बोलणारे बटण दिले तर दोन आवाज एकमेकांवर आदळतात, एवढेच होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये असे साधन विकणाऱ्या एका कंपनीने दहा लाख डॉलर भरावेत असा आदेश जाहीर केला. आपले साधन कोणतेही संकेतस्थळ आपोआप दिव्यांगांच्या सोयीच्या नियमांत बसवते, हा तिचा दावा आयोगाला दिशाभूल करणारा वाटला.

विंडोजवर बहुतेकांकडे एनव्हीडीए किंवा जॉज हा स्क्रीन रीडर असतो. जॉज विकत घ्यावा लागतो. एनव्हीडीए ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये लिहायला घेतला, जेम्स तेह यांच्या साथीने वाढवला, आणि तो आजही मोफत मिळतो. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतो. यांतला कोणताही स्क्रीन रीडर पडद्याकडे 'पाहत' नाही. पान ज्या कोडमधून तयार झाले त्या कोडमध्ये काय लिहिले आहे, ते तो ब्राउझरकडून घेतो आणि एकाखाली एक अशा ओळींत मांडतो. डोळस वाचकाला तीन रकाने शेजारी शेजारी दिसतात. ऐकणाऱ्यासाठी ते एकामागून एक येतात, आणि तेही कोडमध्ये ज्या क्रमाने लिहिले असतील त्या क्रमाने. अक्षराचा आकार, रंग, जागा यांतले काहीच आपण होऊन ऐकू येत नाही. 'हे शीर्षक आहे', 'ही लिंक आहे', 'हे बटण आहे', 'ही सात नोंदींची यादी आहे', हे कोडने सांगितले तरच कळते.

पान उघडले की आधी पानाचे नाव ऐकू येते आणि मग वरपासून वाचन सुरू होते: मुख्यपृष्ठ लिंक, महाराष्ट्र लिंक, मुंबई लिंक, पुणे लिंक, क्रीडा लिंक. सरावलेला माणूस लगेच कंट्रोलची कळ दाबून हे थांबवतो. त्यानंतर तो एकेका अक्षराच्या कळीने उड्या मारतो. एनव्हीडीएत 'एच' दाबले की पुढचे शीर्षक, शिफ्ट धरून 'एच' दाबले की मागचे. '१' ते '६' आकड्यांनी त्या त्या पातळीची शीर्षके. 'के' म्हणजे लिंक, 'बी' बटण, 'ई' लिहिण्याची चौकट, 'टी' तक्ता, 'एल' यादी, 'जी' चित्र, 'डी' पानाचा पुढचा मोठा भाग. इन्सर्ट आणि एफ-७ एकत्र दाबले की पानावरच्या साऱ्या लिंकांची किंवा शीर्षकांची यादी समोर येते. त्यात हव्या त्या नोंदीवर एंटर मारून थेट तिथे जाता येते. हवी ती बातमी सापडली की इन्सर्ट आणि खालचा बाण दाबून ती सलग ऐकायची. सरावाचे कान इतक्या वेगाने ऐकतात की नवख्याला शब्दही कळू नये.

यात सगळा भार शीर्षकांवर आहे. वेबएम या अमेरिकी संस्थेने डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात स्क्रीन रीडर वापरणाऱ्या १,५३९ जणांची पाहणी केली. लांबलचक पानावर माहिती शोधताना आधी काय करता, या प्रश्नावर ७१.६ टक्के जणांनी शीर्षकांवरून पुढे सरकतो असे उत्तर दिले. आता आपल्याकडची नेहमीची चूक पाहा. बातमी चढवताना उपसंपादक मथळा मोठ्या टाइपात घेतो, ठळक करतो, कधी लाल करतो. डोळ्याला तो मथळा दिसतो. कोडमध्ये मात्र तो साधा परिच्छेदच राहतो. स्क्रीन रीडरला तिथे शीर्षक सापडतच नाही, 'एच' दाबले की 'पुढे शीर्षक नाही' एवढेच उत्तर मिळते, आणि वाचकाला बाणाच्या कळीने एकेक ओळ उतरत बसावे लागते. बातमी चढवण्याच्या प्रणालीत 'हेडिंग १', 'हेडिंग २' असा पर्याय असतोच. मुख्य मथळा पहिल्या पातळीचा, आतली उपशीर्षके दुसऱ्या पातळीची, आणि 'बोल्ड'चा उपयोग फक्त शब्दावर भर द्यायला, एवढी सवय लावली तरी निम्मा त्रास कमी होईल. उलट चूकही होते: अक्षर मोठे दिसते म्हणून छायाचित्राच्या ओळीला, जाहिरातीला, लेखकाच्या नावालाही शीर्षकाचा दर्जा दिला जातो. मग शीर्षकांची यादी उघडली की तिच्यात बातम्या शोधाव्या लागतात.

लिंकांचेही तसेच. मुखपृष्ठावर प्रत्येक बातमीखाली 'अधिक वाचा' असते. लिंकांच्या यादीत ते ओळीने वीस वेळा 'अधिक वाचा' असे येते. कशाबद्दल अधिक, ते कळायला मार्ग नाही. त्यात छायाचित्र, मथळा आणि 'अधिक वाचा' या तिन्हींना एकाच बातमीची लिंक वेगवेगळी दिलेली असते, म्हणजे एकच बातमी तीनदा ओलांडायची. मथळ्यालाच लिंक द्यावी आणि बाकीच्या दोन काढाव्यात. तसेच बातमीच्या दर दोन परिच्छेदांनंतर 'हेही वाचा' ही चौकट घुसवायची पद्धत पडली आहे. डोळस वाचक ती नजरेने ओलांडतो. ऐकणाऱ्याला मात्र मंत्र्यांच्या विधानाच्या पुढच्याच ओळीत कुठल्या तरी अभिनेत्रीच्या लग्नाचा मथळा ऐकू येतो, आणि ती ओळ बातमीचाच भाग आहे की काय असा क्षणभर गोंधळ होतो. या चौकटी बातमीच्या शेवटी टाकल्या तर कोणाचेच नुकसान नाही.

छायाचित्रांसाठी कोडमध्ये 'ऑल्ट' नावाची जागा असते. तिथे लिहिलेला मजकूर स्क्रीन रीडर वाचतो. ती जागा अजिबात दिलेली नसेल आणि चित्रालाच लिंक असेल, तर तो फाइलचे नाव किंवा लिंकचा पत्ता वाचू लागतो: 'आयएमजी, अंडरस्कोर, दोन शून्य दोन पाच' आणि पुढे अक्षरांची माळ. 'फोटो' किंवा 'छायाचित्र' एवढेच लिहूनही उपयोग नाही, ते चित्र आहे हे त्याला आधीच कळलेले असते. चित्रात काय चालले आहे ते एका वाक्यात लिहावे: 'पंचगंगेच्या पुरात कमरेएवढ्या पाण्यातून म्हशी बाहेर काढणारे दोन शेतकरी'. जे चित्र केवळ सजावटीचे आहे, रेघ किंवा नक्षी, तिथे ऑल्टची जागा ठेवावी पण रिकामी ठेवावी, म्हणजे ते न बोलता ओलांडले जाते. आणि ज्या चित्रातच सगळा मजकूर आहे, उदाहरणार्थ पाणीपुरवठा बंद असलेल्या भागांची यादी किंवा परीक्षेचे वेळापत्रक, तो मजकूर खाली अक्षरांत द्यायलाच हवा.

तक्त्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बाजारभाव, निकाल आणि कटऑफ हे वृत्तपत्रात तक्त्यातच येतात. कांद्याच्या बाजारभावाचा तक्ता घ्या: बाजार समिती, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. तक्ता नीट बांधलेला असेल तर वाचक 'टी' दाबून तिथे पोहोचतो, आणि कंट्रोल व आल्ट या कळा धरून बाणांनी एकेका घरात फिरतो. उजवीकडे सरकला की 'कमाल दर' हे रकान्याचे नाव आणि मग आकडा ऐकू येतो. खाली सरकला की आधी पुढच्या बाजार समितीचे नाव, मग तिथला आकडा. लासलगावचा कमाल दर पिंपळगावशी ताडून पाहायला दोन-तीन कळा पुरतात. पण हे केव्हा, तर पहिली ओळ आणि पहिला रकाना 'ही शीर्षकाची घरे आहेत' असे कोडमध्ये सांगितले असेल तर. ते नसेल तर नुसते आकडे ऐकू येतात, आणि कोणता किमान, कोणता कमाल, हे मनात मोजत बसावे लागते. जागा जुळवण्यासाठी घरे एकमेकांत जोडली, मध्येच रिकाम्या ओळी टाकल्या, की मोजणीही चुकते. तक्त्याचे चित्र काढून चिकटवले असेल तर काहीच मिळत नाही.

अर्ज भरताना याहून जास्त अडते. पान वाचताना 'एच', 'ई' ही अक्षरे आज्ञा असतात. लिहिताना तीच अक्षरे चौकटीत उमटायला हवीत. म्हणून स्क्रीन रीडरच्या दोन अवस्था असतात. टॅबने लिहिण्याच्या चौकटीत शिरले की एनव्हीडीए एक छोटा आवाज करून लिहिण्याच्या अवस्थेत जातो, एस्केप दाबले की परत वाचण्याच्या. आपल्याकडच्या अर्जांत नावासाठी तीन चौकटी असतात: स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव. ही नावे चौकटींवर छापलेली दिसतात, पण कोडमध्ये त्या त्या चौकटीला जोडलेली नसतात. मग टॅब मारत जाणाऱ्याला 'एडिट, रिकामे', 'एडिट, रिकामे', 'एडिट, रिकामे' असे तीनदा ऐकू येते. आडनाव पहिल्या चौकटीत पडते आणि पुढे कागदपत्रांशी जुळत नाही म्हणून अर्ज बाद होतो. चौकटीच्या आत फिकट अक्षरांत सूचना लिहिणे हा त्यावरचा उपाय समजला जातो, पण लिहायला लागले की ती नाहीशी होते. भरलेला अर्ज तपासताना कशात काय भरले ते कळेलच असे नाही. भरणे सक्तीचे आहे हे केवळ लाल रंगाने दाखवले तर तेही कळत नाही.

शेवटी 'सबमिट' दाबले की काही चुकले असल्यास पानावर वर लाल ओळ उमटते. स्क्रीन रीडर गप्प. ती ओळ उमटताच बोलली जावी अशी खूण कोडमध्ये करता येते, किंवा चुकलेल्या चौकटीवर थेट नेता येते. दोन्ही केले नाही तर माणूस पुन्हा पुन्हा तेच बटण दाबत राहतो. जन्मतारखेसाठी फक्त माउसने उघडणारे कॅलेंडर असेल आणि हाताने टाइप करायला बंदी असेल, तर अर्ज तिथेच संपतो. वेड्यावाकड्या अक्षरांचा कॅप्चा, ज्याला ऐकण्याचा पर्याय नाही, तो तर दृष्टिहीन माणसाला दारातच अडवतो. ओटीपीचा अवधी इतका थोडा असतो की फोनवरचा संदेश ऐकून, परत ब्राउझरवर येऊन, चौकट शोधेपर्यंत तो संपतो. अवधी वाढवून घेण्याची सोय असायला हवी.

फोनवर रीत वेगळी, अडचणी त्याच. टॉकबॅक चालू असताना बोट उजवीकडे सरकवले की पुढची गोष्ट, डावीकडे सरकवले की मागची, दोनदा टिचकी मारली की ती उघडते. बोट वर नेऊन लगेच खाली आणले की कशावरून उड्या मारायच्या ते बदलते. 'हेडिंग्ज' येईपर्यंत हे करायचे, मग खाली सरकवत शीर्षकांवरून जायचे. आयफोनवर दोन बोटे पडद्यावर ठेवून फिरवली की हीच निवड होते. फोनवर सर्वांत जाच होतो तो अचानक वर येणाऱ्या जाहिरातींचा. ती चौकट दिसायला सगळ्यांच्या वर असते, पण स्क्रीन रीडर खालच्या पानावरच राहतो, आणि बंद करण्याच्या फुलीला नाव दिलेले नसल्याने 'बटण' एवढेच ऐकू येते. कुठले बटण? आपोआप सुरू होणारा व्हिडिओ स्क्रीन रीडरचा आवाज बुडवतो, आणि तो थांबवायचे बटण शोधायचे ते त्याच गोंगाटात. दर काही मिनिटांनी पान आपोआप ताजे होत असेल तर बातमी ऐकता ऐकता मध्येच तुटते आणि वाचक पुन्हा पहिल्या लिंकवर येऊन पडतो. निवडणुकीच्या निकालाचे ताजे आकडे तसे उमटतानाच बोलले जावेत, पण चालू वाक्य पुरे होऊ देऊन. तशी मवाळ सूचना कोडमध्ये देता येते; तातडीची दिली तर दर आकड्याला आधीचे वाक्य कापले जाते.

आता खास मराठीचा प्रश्न. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला भाषा नोंदवायची जागा असते. मराठीसाठी तिथे 'एमआर' ही दोन रोमन अक्षरे हवीत. तयार साचे वापरल्याने तिथे इंग्रजीची खूण तशीच राहिलेली पुष्कळदा आढळते. स्क्रीन रीडर ती खूण मानून इंग्रजी आवाज लावतो. काही इंग्रजी आवाज देवनागरी सरळ गाळतात, काही सुटी अक्षरे पुटपुटतात. वाचकाला स्वयंचलित भाषाबदल बंद करून आवाज हाताने बदलावा लागतो, आणि ते माहीत नसलेला नवखा वाचक पान बिघडले समजून निघून जातो. हिंदीची खूण असेल तर वाचन होते, पण '२५' हा आकडा 'पच्चीस' असा ऐकू येतो, आणि मराठी शब्दांचे आघात व उच्चार हिंदी वळणाने होतात. दोन अक्षरे दुरुस्त करायला एक मिनिट लागते, आणि ती साच्यात दुरुस्त केली की सगळी पाने सुधारतात.

जुन्या फॉन्टांचे दुखणे अजून गेलेले नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी सर्वमान्य पद्धत, येण्यापूर्वीच्या फॉन्टात मांडलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो आणि त्याचा काहीही अर्थ लागत नाही. डीटीपीवर जुळवून पीडीएफ केलेली परिपत्रके, विशेषांक, अभ्यासाच्या पुस्तिका यांत हे सर्रास होते. ओळखायची सोपी खूण: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करावी. मराठी उमटले तर वाचता येईल, भलतेच काही उमटले तर नाही, आणि ओळ निवडताच आली नाही तर ते पान म्हणजे नुसते स्कॅन केलेले चित्र आहे.

ई-पेपरचेही हेच. छापील पानाचे चित्र, त्यावर बातमीवर क्लिक केले की त्या बातमीचे आणखी एक चित्र. दृष्टिहीन वर्गणीदार डोळस वर्गणीदाराइतकेच पैसे भरतो आणि त्याला 'ग्राफिक' एवढाच शब्द मिळतो. अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर लावून तो काही वाचू शकतो, पण अरुंद रकान्यांत ओळी एकमेकांत मिसळतात आणि जोडाक्षरे चुकतात. वास्तविक पान छापायला जाण्याआधी प्रत्येक बातमी तुमच्या प्रणालीत युनिकोड मजकूर म्हणून असते किंवा तशी करता येते. ई-पेपरच्या प्रत्येक पानासोबत त्या पानावरच्या बातम्यांची, शीर्षकांसहित, साध्या मजकुराची आवृत्ती द्यावी. आमची सर्वांत मोठी मागणी हीच आहे.

ही कोणाची मेहेरबानी मागणे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याच्या ४२व्या कलमात श्राव्य, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुगम स्वरूपात मिळावा अशी व्यवस्था करण्याचे बंधन शासनावर घातले आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. २०११च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्यांची संख्या देशात ५० लाखांवर नोंदली गेली.

काय करावे ते कळण्यासाठी सल्लागार नेमायची गरज नाही. एनव्हीडीए एका संगणकावर घ्या, माउस बाजूला ठेवा, पडदा बंद करा आणि आपल्याच मुखपृष्ठावरून कालच्या एका बातमीपर्यंत पोहोचून ती शेवटपर्यंत ऐका. नुसत्या टॅबने फिरून पाहिले तरी कोणती बटणे निनावी आहेत आणि कुठे माणूस अडकून पडतो ते उघड होते. आवाज थांबवायला कंट्रोल, स्क्रीन रीडर बंद करायला इन्सर्ट आणि 'क्यू'. ही ढोबळ तपासणी झाली की मग रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दोन-तीन दृष्टिहीन व्यक्तींकडून, त्यांना मोबदला देऊन, नीट तपासून घ्यावे. डोळस माणूस पान आठवून ऐकतो, त्यामुळे त्याच्या कानांना अनेक दोष जाणवतच नाहीत.

आणि एक विनंती. संकेतस्थळ वाचताना आलेली अडचण कळवायला एक ई-मेल पत्ता द्यावा. तो चित्रात न देता साध्या मजकुरात असावा, प्रत्येक पानाच्या तळाशी 'सुगम्यता' या शीर्षकाखाली असावा, आणि स्क्रोल केले की नव्या बातम्या येत राहिल्याने तो तळ कधीच हाती लागत नाही, असे होऊ नये. सध्या तक्रारीसाठी असलेल्या अर्जातच बहुधा चित्राचा कॅप्चा असतो.

कळावे,
दृष्टिहीनांना संगणक शिकवणारे काही प्रशिक्षक, पुणे